खुलासा : उन्हानं पावडर कोटिंग वितळत नाही

‘भुसावळच्या उन्हात गाडीच्या चेसिसचं पावडर कोटिंग वितळून निघतं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पावडर कोटिंग म्हणजे धातूवर कोरड्या पावडरीनं दिलेला रंग. ही पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर एकदा पक्की झाली की परत वितळत नाही. आपलं ४५-४६ अंशांचं ऊन तिचं काय करणार! पापुद्रे सुटतात ते बहुतेक वेळा खाली राहिलेल्या गंजामुळे, ऑइलमुळे. सुटलेला पापुद्रा उलटा करून बघा, आतून तांबूस पूड चिकटलेली असेल तर बहुतेक ब्लास्टिंग (बारीक कणांच्या माऱ्यानं गंज काढणं) नीट झालंच नव्हतं. ऊन एक मात्र करतं : इपॉक्सी प्रकारची पावडर असेल तर रंग पांढुरका पडतो, बोटाला खडूसारखी भुकटी लागते. म्हणून पॉलिएस्टर पावडरच मागा. आणि भट्टीआधी बेअरिंग, रबरी सील काढलेत ना, तेही स्वतः उभं राहून बघा.