घाण्याचा बैल सुट्टीवर

शुक्रवारी दुपारी साडेतीनला शेअर बाजार बंद झाला की सोमवारी सव्वानऊपर्यंत आकडा तसूभर हलत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी शनिवारी दात घासायच्या आधी मी ॲप उघडून बघतो. तोच आकडा. चहानंतर परत. तोच! १८९० साली नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांसाठी भांडून भांडून रविवारची सुट्टी मिळवली, आणि मी ती माझे अकरा शेअर मोजण्यात घालवतो.

बायको रेवदंड्याची. तिची आजी सांगायची, तिकडे अलिबागच्या बाजूला तेल काढणारे ज्यू होते, बेने इस्रायल, शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा बंद तो थेट शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत, म्हणून लोक त्यांना शनवार तेलीच म्हणायचे. "आणि बैलसुद्धा सुट्टीवर हं, त्यांच्या धर्मग्रंथातच आहे, बैलाला सुट्टी, गाढवाला सुट्टी," असं म्हणत बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

झालं. फोन तांदळाच्या डब्यात.

शनिवारी सकाळपासून हात सारखा खिशात. अकराला रद्दीवाला ओरडत आला, मी पेपरचा गठ्ठा घेऊन धावलो तर बायको दारात आडवी, "अहो, घाणा बंद आहे ना?" रद्दी विकणं ही कमाई धरायची का यावर आमचं चांगलंच वाजलं, तोवर रद्दीवाला पुढच्या गल्लीत. दुपारी आडवा पडलो तर डोक्यात चक्रवाढ व्याज. मग कधीतरी डोळा लागला, उठलो तर पाच वाजलेले, लेक माझ्या पोटावर पाय टाकून झोपलेली, हलावंसं वाटेना म्हणून तसाच पंखा बघत पडून राहिलो. पंख्यावर किती धूळ आहे हे या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी लेक आणि मी, दोघं गच्चीवर, चांदण्या शोधायला. एक लगेच दिसली. मग पाण्याच्या टाकीवर दुसरी. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही, आम्ही आपले शेंगा खात बसलो, टरफल कोण लांब उडवतं त्याची स्पर्धा झाली, मी हरलो.

"बाबा, तिसरी! ती बघ, नारळाच्या वर! फोन आणू तुझा?"

मी नीट बघितलं. "छे गं, विमान आहे ते."

"मग हलत का नाही?"

"हलेल. बस जरा, शेंगा आहेत अजून."