बॉयलरच्या सर्व्हिसिंगचे पैसे घेता, मग मोजमाप का करत नाही?

घराला ऊब आणि नळाला गरम पाणी देणाऱ्या गॅस बॉयलरचे सर्व्हिसिंग दर वर्षी करून घ्यावे का, असे कुणी विचारले की दोन ठरावीक उत्तरे ऐकायला मिळतात आणि दोन्ही ऐकून माझा संताप होतो. सेवा विकणारे म्हणतात की ते वर्षातून एकदा झालेच पाहिजे, नाहीतर वॉरंटी जाईल, गॅसचे बिल वाढेल आणि घरातल्यांच्या जिवालाही धोका होईल. वैतागलेले ग्राहक म्हणतात की चालू यंत्राला हात लावू नये, हे सगळे पैसे उकळण्याचे मार्ग आहेत. सर्व्हिसिंगच्या नावाखाली त्या दिवशी प्रत्यक्षात काय केले गेले, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही. नीट केलेल्या वार्षिक सर्व्हिसिंगसाठी पैसे द्यायला माझी काहीच हरकत नाही. ज्यात काहीही मोजले जात नाही, त्याला सर्व्हिसिंग म्हणून पैसे घेणे ही मात्र उघड फसवणूक आहे.

ही फसवणूक दर वर्षी माझ्या डोळ्यांदेखत होते. सकाळपासून दुपारपर्यंत केव्हाही येऊ असे कळवलेले असते, त्यामुळे कामावरून रजा घेऊन वाट पाहत बसावे लागते. तंत्रज्ञ येतो, गरम पाण्याचा नळ सोडायला सांगतो, बॉयलर पेटल्याचा आवाज ऐकतो, दाबाच्या काट्यावर नजर टाकतो, बाहेरचे झाकण फडक्याने पुसतो आणि कागदावर खुणा करायला लागतो. ज्वलन तपासण्याचे उपकरण त्याच्या पेटीतून बाहेरसुद्धा येत नाही. कागदावर कार्बन मोनॉक्साइडसाठी एक रकाना असतो, कार्बन डायऑक्साइडसाठी दुसरा असतो आणि गॅसच्या दाबासाठी तिसरा. तिन्ही ठिकाणी आकडा यायला हवा आणि तिन्ही ठिकाणी ‘समाधानकारक’ असे लिहून मिळते. कुणाचे समाधान झाले, आणि कशाच्या आधारावर? आकडे मागितले तर उत्तर येते की काही बिघाड असता तर बॉयलर आपोआप बंद पडला असता, तुम्ही काळजी करू नका. मग पुस्तिकेवर शिक्का बसतो, माझी सही घेतली जाते आणि बिल हातात पडते.

बिघाड असता तर बंद पडला असता, या वाक्याची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण ज्याने या कामाचे प्रशिक्षण घेतले आहे त्याला ते खरे नाही हे माहीत असलेच पाहिजे. ज्योत पेटली नाही, पाणी प्रमाणाबाहेर तापले, पंखा फिरला नाही किंवा पाण्याचा दाब फार उतरला, तर बॉयलर बंद पडतो. ज्योत पेटलेली आहे, पण गॅस आणि हवेचे मिश्रण बिघडले आहे, अशा स्थितीत मात्र अनेक घरगुती बॉयलर खुशाल चालू राहतात. नळाला गरम पाणी येते, खोल्या गरम करणारे रेडिएटर तापतात, घरात कुणालाही संशय येत नाही, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होत राहतो. गॅस गळतीचा जो वास आपल्याला येतो तो पुरवठ्याच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या गंधद्रव्याचा असतो. ज्वलनातून तयार झालेल्या या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनची त्याच्याशी जखडून बसण्याची ओढ प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक असते. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकवा, म्हणजे हिवाळ्यात कुणीही साधे दुखणे समजून अंगावर काढील अशीच. असा वायू तयार करू शकणारे यंत्र कानाने तपासणाऱ्या माणसाला तंत्रज्ञ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता खरे काम काय असते ते पाहा. धुराड्याच्या नळीवर नमुना घेण्यासाठी एक छिद्र ठेवलेले असते. त्यात उपकरणाची सळई घालून बॉयलर आधी पूर्ण क्षमतेवर आणि मग सर्वांत कमी क्षमतेवर चालवायचा, आणि दोन्ही वेळा धुरातला कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड मोजायचा. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बहुतेक कंडेन्सिंग बॉयलरांत (म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवणाऱ्या बॉयलरांत) कार्बन डायऑक्साइड ९ टक्क्यांच्या आसपास असतो. नेमकी मर्यादा प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत छापलेली असते आणि तिच्याशी ताडून पाहायला डोके खाजवावे लागत नाही. त्याच सळईने बाहेरून आत येणाऱ्या हवेचाही नमुना घ्यायचा. त्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या जवळ नसेल, तर धुराड्याच्या नळीला कुठेतरी भेग आहे किंवा सांधा सुटला आहे आणि जळालेला वायू परत आत ओढला जात आहे, हे तिथल्या तिथे समजते. बॉयलर पूर्ण क्षमतेवर चालू असताना गॅसचा दाब किती राहतो हे पाहायचे, आणि मीटरवरून ठरावीक वेळात किती गॅस जळतो हेही मोजायचे. उपकरण सोबत असेल तर हे सगळे अर्ध्या तासात बसते. या आकड्यांवरून मग ठरते की ज्वलनकक्ष उघडायचा की नाही.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ‘त्याने बॉयलर उघडलासुद्धा नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचेही पूर्ण बरोबर नसते. अनेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत सांगतात की मोजलेले आकडे ठीक असतील तर ज्वलनकक्ष विनाकारण उघडू नये, आणि उघडलाच तर दाराची गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, नवी बसवावी, कारण एकदा दबलेली जुनी गॅस्केट पुन्हा तितकी घट्ट बसेलच असे नाही. म्हणजे न उघडण्यालाही योग्य कारण असू शकते. ते कारण मोजमापातून यायला हवे. मोजलेही नाही आणि उघडलेही नाही, तर मग त्या माणसाने माझ्या घरी येऊन काय केले?

याहूनही जास्त मनस्ताप मला प्रसरणपात्राने दिला आहे. बॉयलर आणि रेडिएटर यांच्या बंद वर्तुळात फिरणारे पाणी तापले की ते फुगते, आणि त्या वाढीला जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये किंवा त्याच्या जवळ एक छोटे पात्र असते, ज्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा भरलेली असते. ही हवा वर्षानुवर्षे हळूहळू कमी होते. ती कमी झाली की गार असताना १ ते १.५ बार असलेला दाब पाणी तापताच ३ बारकडे झेपावतो, सुरक्षा झडप उघडते आणि घराबाहेरच्या नळीतून पाणी ठिबकू लागते. गार झाल्यावर दाब एकदम खाली येतो, बॉयलर बंद पडतो आणि घरमालक बिचारा भरणीचा नळ उघडून नवे पाणी सोडतो. त्या नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत जातो, रेडिएटरचे लोखंड गंजते, त्या गंजाचा काळा गाळ पंपात आणि ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या उष्णता विनिमयकात जाऊन बसतो आणि पाण्यात घातलेले गंजरोधक रसायनही पातळ होत जाते. एकदा उघडलेल्या सुरक्षा झडपेवर गाळाचे कण अडकले की ती पुन्हा नीट बंद होत नाही, म्हणून तीही बदलावी लागते. ही सगळी साखळी प्रसरणपात्रातली हवा वेळेवर तपासून भरली असती तर सुरूच झाली नसती. ती तपासण्यासाठी बॉयलरच्या बाजूचे पाणी काढून दाब शून्यावर आणावा लागतो, मगच हवेचा खरा दाब कळतो. याला वेळ लागतो, हात ओले होतात, आणि म्हणूनच ते टाळले जाते. माझ्याकडे वर्षानुवर्षे शिक्के मारून घेतलेली पुस्तिका होती, आणि तरीही शेवटी झडप, पंप आणि गाळ काढण्याचा खर्च माझ्याच माथी आला. ‘नैसर्गिक झीज आहे’ असे सांगण्यात आले. हवा न भरल्यामुळे झालेल्या नासाडीला नैसर्गिक म्हणणे हा धडधडीत खोटेपणा आहे.

कंडेन्सेटच्या सापळ्याचीही तीच कथा. धुरातली वाफ थंड होऊन जे आम्लयुक्त पाणी तयार होते ते या सापळ्यातून बाहेर जाते, आणि त्यात कचरा साठला की ऐन थंडीत बॉयलर अडकतो. साफ केल्यावर तो पुन्हा पाण्याने भरून बसवावा लागतो, कारण त्यातले पाणीच धुराला त्या वाटेने बाहेर येऊ देत नाही. पेटवणाऱ्या आणि ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडवरचा थर काढणे हे तर काही मिनिटांचे काम आहे. गंजाचा गाळ पकडणारा चुंबकीय फिल्टर बसवलेला असेल तर तो उघडून धुणे हेही तसेच. यांतले एकही काम कठीण नाही, पण न सांगता कुणी करत नाही, आणि सांगितले तर ‘ते यात येत नाही’ असे ऐकावे लागते.

मग सर्व्हिसिंगने गॅसची भरघोस बचत होते असे जे सांगितले जाते त्याबद्दल. ज्याचे ज्वलन आधीपासून नीट आहे अशा आधुनिक बंद ज्वलनकक्षाच्या बॉयलरमध्ये सर्व्हिसिंग केल्याने इंधनाचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका कमी होत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवावा. बचत हवी असेल तर ती दुसरीकडे आहे. कंडेन्सिंग बॉयलर वाफेतली उष्णता परत मिळवतो ती रेडिएटरकडून परत येणारे पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तेव्हाच. तरीही असंख्य घरांत बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान ७५ किंवा ८० अंशांवर ठेवलेले असते आणि मग परत येणारे पाणीही इतके गरम असते की वाफ तशीच धुराड्यातून निघून जाते. ज्या कारणासाठी जास्त पैसे मोजून हा बॉयलर घेतला ते कारणच त्यामुळे संपते. एक बटण फिरवून, घर पुरेसे तापते की नाही हे पाहत ते तापमान खाली आणता येते. पाण्याची टाकी वेगळी असेल तर तिच्यातले पाणी ६० अंशांपर्यंत तापत राहील एवढे पाहावे लागते, कारण कोमट साठ्यात न्यूमोनियासारखा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात. दर वर्षी बचतीच्या नावाने पैसे घेणाऱ्या एकाही माणसाने मला हे आपणहून सांगितले नाही.

वॉरंटीची अट तर याहून चीड आणणारी आहे. बारा महिन्यांच्या आत शिक्का नसेल तर वॉरंटी रद्द, असे ठणकावून सांगितले जाते. शिक्क्यामागे काम झाले की नाही हे मात्र शिक्का मारणारी कंपनी तपासत नाही. म्हणजे मी काळजीपूर्वक मोजमाप करून घेतले पण एक महिना उशीर झाला तर मी दोषी, आणि काहीही न करता वेळेत शिक्का मारला तर सर्व काही नियमाप्रमाणे. मासिक हप्त्याच्या देखभाल करारातही गाळ वगळलेला, क्षार वगळलेले, ‘आधीपासून असलेला दोष’ वगळलेला. जो दोष वर्षभरापूर्वी सर्व्हिसिंगमध्ये सापडायला हवा होता, तो न शोधल्याबद्दल त्यांना काही होत नाही आणि तो आधीपासून होता म्हणून दुरुस्ती मलाच भरावी लागते.

इतके असूनही ‘चालू यंत्राला हात लावू नये’ म्हणणाऱ्यांना माझा पाठिंबा नाही. विशेषतः ज्यांच्याकडे खोलीतलीच हवा घेऊन जळणारा जुना, उघड्या धुराड्याचा बॉयलर आहे, त्यांनी एकही वर्ष चुकवू नये. अशा बॉयलरचे धुराडे पक्ष्याच्या घरट्याने तुंबले, खोलीची हवा येण्याची जाळी कुणी थंडी नको म्हणून बंद केली किंवा जवळचा एक्झॉस्ट पंखा जोरात ओढू लागला, तर धूर सरळ खोलीत उलटतो. तिथे धुराडे खरोखर ओढते की नाही हे धुराची काडी धरून पाहावेच लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही प्रत्येक घरात हवाच, पण धोका सुरू झाल्यावरच तो वाजणार. अलार्म आहे म्हणून सर्व्हिसिंग नको, हा विचार मला भयंकर वाटतो. लोक या विचारापर्यंत येतात त्याला पोकळ शिक्क्यांचा धंदा जबाबदार आहे. पैसे घेऊन काहीच न करणाऱ्यांनी एका आवश्यक तपासणीवरचा लोकांचा विश्वास घालवला आहे, आणि हा माझा त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

या वर्षी वेळ ठरवतानाच मी लेखी कळवले की दोन्ही क्षमतांवरच्या मोजणीची उपकरणातून निघालेली छापील पट्टी हवी, प्रसरणपात्राचा दाब किती होता आणि किती भरला हे लिहून हवे, सापळा आणि फिल्टर माझ्यासमोर उघडावा, आणि हे झाल्याशिवाय मी सही करणार नाही. उत्तर आले की एवढी तपशीलवार तपासणी नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बसत नाही, त्यासाठी वेगळे शुल्क पडेल. उत्पादकाने स्वतःच्या पुस्तिकेत वार्षिक काम म्हणून छापलेल्या गोष्टी आता जादा सेवा म्हणून विकल्या जाणार असतील, तर आजवर नेहमीच्या सर्व्हिसिंगचे म्हणून जे पैसे माझ्याकडून घेतले ते कोणत्या कामाचे होते, हे त्या कंपनीने मला लेखी कळवावे. मी ते पत्र पाठवले आहे आणि उत्तर येईपर्यंत बिल भरणार नाही.