तुझे १५ तास कमी पडतात

एका सेमिस्टरसाठी दुसऱ्या विद्यापीठात जातो म्हटल्यावर आईने सुटकेस काढली, बाबांनी रिझर्वेशन काढलं आणि विभागप्रमुखांनी नाकावरचा चष्मा काढला. "असं चालतं?"

चालतं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम २०२१चे आहेत. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप आणि ही बँक म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा ठेवायचं खातं. पदवीचे निदान निम्मे क्रेडिट आपल्या विद्यापीठात मिळवले की बाकीचे दुसरीकडे मिळवायला मोकळीक. ती मोकळीक कागदावर होती आणि कागद सरांच्या टेबलावर, इतर बऱ्याच कागदांखाली.

ना-हरकत प्रमाणपत्रासाठी लायब्ररी, लॅब, होस्टेल, जिमखाना अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. जिमखान्याचे सर म्हणाले, "तुला इकडे कधी पाहिलं नाही." मग मी बॅट तरी कशी नेणार, हा युक्तिवाद त्यांना पटला नाही. त्यांनी कपाट उघडून बॅटी मोजल्या.

तिकडे पोचलो तर त्यांचं सेमिस्टर सुरू झालेलं आणि आमचा मागच्या सेमिस्टरचा निकाल अजून लागायचा. निकाल नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून आयकार्ड नाही, आयकार्ड नाही म्हणून लायब्ररी नाही. हजेरीपटात माझं नाव सगळ्यात खाली, पेन्सिलीने. सर वर्गात शिरताच विचारायचे, "तो बाहेरचा आलाय का?" भरल्या वर्गात लेक्चर बुडवायची सोय फक्त मला नव्हती.

शिकवलं मात्र उत्तम. त्याबद्दल तक्रार नाही, त्यामुळे लिहिण्यासारखंही काही नाही.

खरी परीक्षा परत आल्यावर. तिचं नाव समकक्षता, म्हणजे तिकडचा पेपर इकडच्या पेपरच्या तोडीचा धरायचा का ते ठरवणं. आमचा संख्याशास्त्राचा पेपर ४ क्रेडिटचा, तिकडचा ३चा. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास. परीक्षा विभागातल्या मॅडमनी कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगितलं, "तुझे १५ तास कमी पडतात." मी म्हटलं, तिकडे एक जास्तीचा पेपर केलाय, त्यातले इकडे वळवा.

"तो कशाचा?"

"नाट्यशास्त्राचा."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो विषय मला फुकट गेला नसावा असं त्यांना वाटलं असणार.

सध्या प्रकरण समितीपुढे आहे. समिती बसली की निर्णय होईल. कधी बसणार, असं विचारल्यावर मॅडमनी पहिल्यांदाच हसून धीर दिला, "घाई कसली? बँकेत क्रेडिट ७ वर्षं टिकतात की!"