चौथीचा वर्ग मानशीवर काय शिकतोय ते जरा बघा तरी

आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जे चाललंय ते वाचून गप्प बसवत नाही म्हणून इथे लिहितेय, पोस्ट मोठी आहे पण वाचा. तक्रार अशी की चौथीच्या बाई मुलांना सारख्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या शेतजमिनीत नेतात, पोर्शन मागे पडतोय, इंग्लिश मिडियमच्या पोरांची पुस्तकं संपत आली आणि आमची पोरं चिखल तुडवतायत. एकाने तर लिहिलं की शेतातच पाठवायचं असतं तर शाळेत कशाला घातलं असतं. हे वाचून खूप वाईट वाटलं.

माझी मुलगी त्याच वर्गात आहे. पेडण्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पट अगदी थोडा, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हापासून वरवर बघणाऱ्याला वाटेल हा वर्ग एकच विषय घेऊन बसलाय, शापोरा नदीच्या काठावरची आमच्या खाजनातली मानस. गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगते, खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली सखल जमीन, भरतीचं पाणी चढतं त्या पातळीच्याही खाली असते, आणि मानस म्हणजे त्या बांधात बसवलेली लाकडी दारं. भरती चढायला लागली की नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दारं घट्ट बसतात, ओहोटीला नदी उतरली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं. मोटर नाही, काही नाही. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गोव्यातल्या गावकऱ्यांनी हे सांभाळलंय.

पहिल्या दिवशी मुलांनी मानशेकार आजोबांना, म्हणजे मानस सांभाळणाऱ्यांना, विचारलं म्हणे, भरती रात्री आली तर दार लावायला कोण येतो? ते म्हणाले, "कोणच लायना रे, उदकच लायता." मुलांचा विश्वासच बसेना. मग बाईंनी काय करावं, तर समजावून न सांगता सगळ्यांना बांधावर बसवून ठेवलं, भरती लागेपर्यंत. दाराच्या फळीला कालवं चिकटलेली असतात ना, पाणी त्यातल्या सगळ्यात खालच्या कालवापर्यंत कधी पोचतं हे बघत पोरं बसली होती, आणि दार हळूहळू सरकत येऊन खट्‌कन बसलं तेव्हा जी ओरडली ती घरी आल्यावरसुद्धा आमची लेक जेवताना ओरडून दाखवत होती. बिजागरी कुठल्या बाजूला, दार आतल्या बाजूला का उघडत नाही, सगळं तिने खडूने जमिनीवर काढून मला समजावलं. मी इथेच लहानाची मोठी झाले, मला ते इतकं नीट कुणी कधी दाखवलं नव्हतं.

आता गणिताचं बोलू, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त काळजी गणिताचीच आहे. बाईंनी एका बांबूवर दहा दहा सेंटिमीटरच्या खुणा करून तो मानशीजवळ रोवलाय. ज्यांची घरं बांधाजवळ आहेत ती मुलं घरच्या मोठ्या माणसाबरोबर जाऊन भरतीची वेळ आणि उंची टिपून आणतात, मग वर्गात त्याची बेरीज-वजाबाकी आणि आलेख. आपल्याकडचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट केली की तितके वाजता भरती, म्हणजे चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पाव, अर्धा, पाऊण हे चौथीच्या अपूर्णांकातच आहे की! आमच्या मुलांनी हा हिशेब वहीतल्या वेळांशी ताडून बघितला, बऱ्यापैकी जुळला पण तंतोतंत नाही. समुद्राची भरती नदीत वर चढायला वेळ घेते हे एक कारण त्यांचं त्यांनीच शोधलं. शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे ४५, तर मधली ५ मिनिटं गेली कुठे यावरून वर्गात चांगलंच भांडण झालं. नऊ-दहा वर्षांची पोरं ५ मिनिटांवरून भांडतायत, आणि आपण म्हणतो गणित होत नाही!

मिठाचा प्रयोगही केला. मोरजीच्या समुद्राचं १ लिटर पाणी आणि नदीचं १ लिटर, दोन वेगळ्या परातींत उन्हात वाळवून मागे राहिलेलं मीठ सोनाराच्या काट्यावर तोललं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, मुलांचं त्याच्या जवळपास आलं आणि नदीचं त्याहून कमी. मग प्रश्न आला की इतक्या मिठात भात कसं तगतं, तिथून कोरगुटाचा विषय निघाला, खारं पाणी सोसणारं आपलं जुनं भात, आणि पाऊस आधी जमिनीतलं मीठ धुऊन काढतो मगच पेरणी चालते हेही निघालं.

हे सगळं मुलांनी मराठीत लिहून काढलंय. शुद्धलेखन कच्चं आहे, खोटं कशाला बोलू, लेकीच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घाचा पार गोंधळ आहे आणि इंग्रजीचा तास कधी कधी बुडतो. ते व्हायला नको. पण त्याचं कारण एकच बाई दोन वर्ग सांभाळतात हे आहे, वर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, इलेक्शनची कामं. भांडायचंच असेल तर आपण सगळ्यांनी मिळून दुसरा शिक्षक मागायला भांडू या ना, बांधावर जाणं बंद करा म्हणून कसलं भांडता!

आणि पोर्शन पोर्शन म्हणतो तो नेमका कशासाठी? २०२१ साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं त्याचं उद्दिष्ट काय, तर तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत. २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. सरकार कागदावर जे मागतंय तेच आमच्या गावात एक बाई करून दाखवतेय आणि आपण दाखले काढायच्या गोष्टी करतो. आधीच पट इतका कमी, अजून चार मुलं गेली तर शाळा दुसऱ्या शाळेत विलीन व्हायला वेळ लागणार नाही, आसपास असं झालेलं आपण बघितलंय.

मला अजून एका गोष्टीची मनापासून काळजी वाटते. गोव्यात ठिकठिकाणी बांध फुटलेत, खारं पाणी आत शिरून शेतं पडीक पडलीत आणि त्यात खारफुटी माजलीय. कुठे मासळीसाठी मानस मुद्दाम उघडी ठेवतात, कुठे डागडुजीला माणसंच मिळत नाहीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याच्या हातात आली, चांगलंच झालं, पण बांधाची सामाईक जबाबदारी कुणी कशी निभावायची याचं घोंगडं बऱ्याच गावांत भिजतच राहिलं. आमच्या मुलांच्या वहीत बांधाला पडलेल्या एका भगदाडाचं माप आहे, दर आठवड्याला ते किती रुंदावलं तेही. ही नोंद पंचायतीकडेसुद्धा नसेल. मुलांनी पंचायतीला पत्र लिहायला घेतलंय, कच्चा मसुदा मी वाचला, त्यात मापं आहेत, तारखा आहेत आणि शेवटी विनंती आहे.

उन्हं तापली की आगरवाड्याची मिठागरं बघायला जायचं ठरतंय. गाडीभाड्याचा प्रश्न आहे, ज्यांना थोडेफार पैसे देणं जमेल किंवा ज्यांची टेम्पो-रिक्षा आहे त्यांनी मला मेसेज करा. आणि ग्रुपवर लिहिणाऱ्या पालकांना हात जोडून सांगते, शनिवारी पीटीएची मिटिंग आहे, या, बाईंना काय विचारायचं ते विचारा, पण आधी तुमच्या मुलाची ती भरतीची वही मागून घ्या आणि त्याच्या शेजारी बसून वाचा.