‘१८० हर्ट्झ सांगून ६० चा मॉनिटर दिला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. दिवसा मराठी मजकुराचं संपादन आणि रात्री गेमिंग, या दोन्हींसाठी तुम्ही आमच्याकडून २७ इंची, १४४० पी, १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर नेलात. (हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवते, १४४० पी म्हणजे उभ्या बाजूला १४४० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आणि आयपीएस हा पॅनलचा, म्हणजे पडद्याचा, एक प्रकार.) तुमचं म्हणणं असं, की तो ६० हर्ट्झवरच चालतो, अक्षरं बारीक दिसतात, अंधारात कोपरे उजळलेले दिसतात, तेवढ्याच पैशांत दुसरीकडे २४० हर्ट्झचा कर्व्ह्ड मॉनिटर मिळत होता, आणि आम्ही माल परत घेतला नाही. एक तारा देऊन शेवटी ‘फसवणूक’ असं लिहिलंत. तो शब्द ६० हर्ट्झवरून आलाय, म्हणून आधी तेच घेतो.

जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल तशीच लावली, असं तुम्हीच लिहिलंय. नव्या मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्ले पोर्टची केबल आहे, ती लावा. या मॉडेलचं एचडीएमआय पोर्ट २.० आहे. त्यातून १४४० पी ला जास्तीत जास्त १४४ हर्ट्झ मिळतात, आणि केबल जुन्या पिढीची असेल तर तेवढेही मिळत नाहीत. १८० फक्त डिस्प्ले पोर्टवरून. केबलचं दुसरं टोक ग्राफिक्स कार्डालाच जोडा, मदरबोर्डच्या पोर्टला नको. कॅबिनेटच्या मागे खालच्या बाजूला जे पोर्ट आडव्या रांगेत दिसतात, ते बहुतेक कार्डाचे असतात. एवढं केल्यावरही विंडोज अनेकदा आपणहून ६० वरच राहतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि तिथे १८० निवडा. ६० हर्ट्झला एक चित्र स्क्रीनवर १६.७ मिलिसेकंद राहतं, १८० ला ५.६. माऊस नुसता गोल फिरवलात तरी फरक कळेल.

आता त्या २४० हर्ट्झच्या मॉनिटरबद्दल. यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण हाच आकडा बघून खरेदी करणारी पुष्कळ मुलं रोज दुकानात येतात. तुम्ही लिहिलेलं मॉडेल २७ इंची आहे, पण फुल एचडी आणि व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचं. फुल एचडी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल. तेवढे पिक्सेल २७ इंचांवर पसरले की एका इंचात साधारण ८२ येतात. तुमच्या मॉनिटरवर ३६.९ लाख पिक्सेल आहेत, इंचाला १०९. गेम खेळताना हा फरक नजरेआड करता येतो, मजकूर वाचताना नाही, आणि देवनागरी वाचताना तर मुळीच नाही. ‘द्ध’ आणि ‘द्व’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ष्ट्र’मधला खालचा र, शिरोरेघेवरचा अनुस्वार हे सगळं दोन-तीन पिक्सेलांच्या जागेत बसवायचं असतं. ८२ च्या घनतेवर अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि तुम्ही तो आहे की नाही हे बघायला पुढे वाकता. संपादनाचं काम करणाऱ्या माणसाला मी असा मॉनिटर देणार नाही, त्यात माझा नफा जास्त असला तरी.

बदल्यात तुम्ही काय सोडलंत? १८० हर्ट्झला एक चित्र ५.६ मिलिसेकंद राहतं, २४० ला ४.२. म्हणजे १.४ मिलिसेकंदांचा फरक. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला तो मोलाचा असेल, आणि असा ग्राहक आला तर मी त्याला २४ इंची २४० हर्ट्झच दाखवतो. शिवाय स्वस्त व्हीए पॅनलवर गडद दृश्यात हलणाऱ्या गोष्टींच्या मागे काळपट रेघ ओढल्यासारखी दिसते, कारण त्याचे पिक्सेल काळ्यातून करड्याकडे यायला वेळ घेतात. खोक्यावर ‘१ एमएस’, म्हणजे एक मिलिसेकंद, छापलेलं असलं तरी. व्हीएचा खरा गुण म्हणजे कॉन्ट्रास्ट, पांढऱ्या-काळ्यातला फरक: आयपीएसला साधारण १०००:१ असतो, तर व्हीएला ३०००:१ किंवा जास्त. दिवे घालवून सिनेमेच बघायचे असतील तर व्हीए घ्यावा.

तुम्ही फोर-केबद्दलही विचारलं होतंत आणि मी नको म्हणालो होतो. अक्षरांसाठी फोर-के उत्तमच. पण त्यात ८२.९ लाख पिक्सेल असतात, १४४० पी च्या सव्वादोनपट, आणि तुमचं आरटीएक्स ३०६० कार्ड एवढ्या पिक्सेलांवर नवे गेम ओढताना दमतं. ओलेड हा पॅनलचा आणखी एक प्रकार दिसतो सुंदर, पण दिवसभर एकाच जागी उभा असलेला टास्कबार कालांतराने पॅनलवर उमटू शकतो, आणि अनेक ओलेडवर अक्षरांच्या कडांना रंगीत झाक येते. तुमच्या कामाला तो नको.

अक्षरं बारीक दिसतात हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्याला सोपा उपाय आहे. तुम्ही आधी २४ इंची फुल एचडी वापरत होतात, तिथे इंचाला ९२ पिक्सेल होते. १०९ वर तेच अक्षर साधारण सोळा टक्क्यांनी लहान होतं. त्याच डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. अक्षरं जुन्या मॉनिटरपेक्षा किंचित मोठी होतील आणि रेखीवही राहतील.

कोपऱ्यांतला उजेड आयपीएस पॅनलला असतोच, कमी-अधिक. तपासायचं असं: खोलीत अंधार करा, स्क्रीन पूर्ण काळी ठेवा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. उजेड तुमच्याबरोबर सरकला तर तो पॅनलचा स्वभाव. ब्राइटनेस उतरवा आणि मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा लावा, बराच कमी जाणवेल. उजेड एकाच जागी घट्ट राहिला आणि ठळक असला, तर फोटो काढून आमच्याकडे पाठवा. तेव्हा वॉरंटीची तक्रार आम्ही स्वतः नोंदवू, कस्टमर केअरच्या मागे तुम्हाला लावणार नाही.

माल परत घेण्याबद्दल. पैसे देण्यापूर्वी तुमच्यासमोर खोकं उघडून लाल, हिरवी, निळी, पांढरी आणि काळी स्क्रीन लावून डेड, म्हणजे बंद पडलेले, पिक्सेल तपासले होते. वापरलेला मॉनिटर परत घेतला, तर तो पुढच्या ग्राहकाला नवा म्हणून द्यायचा का? ते आम्ही करत नाही. तुम्ही नेलेला मॉनिटर कुणाचा वापरून झालेला नव्हता, तो याच नियमामुळे.

केबल बदलून, सेटिंग करूनही १८० दिसलं नाही तर कॅबिनेट आणि मॉनिटर दोन्ही घेऊन या. आमच्या टेबलावर जोडून बघू, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, जुनं असेल तर तेही नवं घालून देऊ, त्याचे पैसे लागणार नाहीत. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, सकाळी आलात तर मला तुमच्याबरोबर निवांत बसता येईल. येताना ती जुनी एचडीएमआय केबलही आणा.