‘एवढे नुकसान होत असते तर दिसले नसते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शरीरातील संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांची तपासणी ती बाजारात येण्याआधीच व्हावी आणि त्यांच्यावर कायद्याचे निर्बंध असावेत, या माझ्या म्हणण्यावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवले आहेत. त्यांचा सारांश असा : विष हे मात्रेवर ठरते आणि ही रसायने शरीरात नगण्य प्रमाणात जातात, पुरावे बहुतांशी उंदरांवरचे आहेत, शास्त्रज्ञांतच एकमत नाही, सोयाबीनमध्येही इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे घटक असतात, आणि ज्याला भीती वाटते त्याने अशा वस्तू टाळाव्यात, सरकारने त्यात पडू नये. शेवटी आपण विचारले आहे, ‘एवढे नुकसान होत असते तर ते आतापर्यंत दिसले नसते का?’ बाकीचे आक्षेप या एका प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये तयार झाले. गर्भपात टळावा म्हणून पुढे ते कित्येक वर्षे गरोदर स्त्रियांना सर्रास दिले गेले. त्याने गर्भपात टळत नाही, हे शिकागो येथील मोठ्या चाचणीत १९५३ मध्येच स्पष्ट झाले होते, तरीही डॉक्टर ते लिहून देतच राहिले. औषध घेणाऱ्या बायकांना डोळ्यांत भरेल असे काही झाले नाही, मुले वरकरणी धडधाकट जन्मली आणि विषय तिथेच संपला असे सर्वांना वाटले. मग १९७१ मध्ये बोस्टनमधील डॉक्टरांनी १५ ते २२ वर्षे वयाच्या आठ मुलींची माहिती प्रसिद्ध केली. या वयात जवळपास कधीच न आढळणारा योनिमार्गाचा कर्करोग त्यांना झाला होता, आणि आठांपैकी सात जणींच्या आयांनी त्या गरोदर असताना डीईएस घेतले होते.

आता हे नुकसान दिसले कशामुळे, याचा विचार करावा. तो कर्करोग इतका दुर्मीळ होता की एकाच शहरात आठ रुग्ण आढळणे हीच डॉक्टरांना चक्रावून टाकणारी गोष्ट ठरली. शिवाय संबंधित वस्तू हे डॉक्टरने लिहून दिलेले औषध होते, त्यामुळे त्याची नोंद होती आणि आईच्या ते लक्षातही होते. त्याच गोळीने दुर्मीळ कर्करोगाऐवजी वंध्यत्व, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार थोडासा वाढवला असता, तर तो लाखो सामान्य रुग्णांत मिसळून गेला असता. वीस वर्षांच्या मुलीला मधुमेह झाला म्हणून तिच्या आईने गरोदरपणी काय घेतले होते हे कोणी विचारत नाही. आपण ज्या रसायनांबद्दल बोलत आहोत, त्यांचा संशय नेमका अशाच सर्वसामान्य विकारांशी जोडलेला आहे आणि त्यांची नोंद कुठल्याही कागदावर नसते. म्हणून ‘दिसले नाही’ यावरून ‘झाले नाही’ असा निष्कर्ष येथे काढता येत नाही.

डीईएस हे औषध होते आणि त्याची मात्रा मोठी होती, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. पण मात्रेचा नियम संप्रेरकांच्या बाबतीत थोडा बेताने लावावा लागतो. रक्तातील इस्ट्राडायॉल हे संप्रेरक पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या लाखकोटीव्या भागात मोजले जाते. एवढ्याशा प्रमाणावर जिथे शरीराचा कारभार चालतो, तिथे ‘नगण्य’ हा शब्द आपल्या अंदाजाने वापरून भागत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती वेळ. नराचा गर्भ पोटात असलेल्या उंदरीला काही विशिष्ट थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने) गर्भारपणाच्या ठरावीक दिवसांत दिले, तर गर्भातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक घटते आणि पिल्लू वृषण खाली न उतरलेले किंवा मूत्रमार्गाचे छिद्र भलत्या जागी असलेले जन्मू शकते. तीच मात्रा प्रौढ नराला दिल्यास या विकृती होत नाहीत, कारण ते अवयव आधीच घडून गेलेले असतात. तिसरी गोष्ट मिश्रणाची. लंडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये इस्ट्रोजेनसारखी पण क्षीण अशी आठ रसायने प्रयोगशाळेत तपासली. प्रत्येकाचे प्रमाण एकट्याने काहीही परिणाम न करणारे होते, तरी आठही एकत्र केल्यावर परिणाम स्पष्ट मोजता आला. सुरक्षित मर्यादा मात्र आजही बहुतेक वेळा एकेका रसायनाची स्वतंत्रपणे ठरवली जाते, जणू माणूस दिवसभरात एकाच रसायनाच्या संपर्कात येतो.

उंदरांविषयीचा आक्षेप मला दुबळा वाटतो. इस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉक्सिन यांचे रेणू उंदरात आणि माणसात एकच आहेत. शिवाय इस्ट्रोजेनमुळे उंदरांच्या गर्भातील पिल्लांच्या जननेंद्रियांत विकृती येतात, हे प्रयोग १९३९ च्या सुमारासच प्रसिद्ध झाले होते. तेव्हा ते ‘उंदरांवरचे’ म्हणून बाजूला ठेवले गेले आणि माणसांवरचा पुरावा तीन दशकांनी त्या आठ मुलींच्या रूपाने मिळाला. गरोदर स्त्रियांवर मुद्दाम असा प्रयोग करणे कोणालाच मान्य होणार नाही, तेव्हा माणसांवरचाच पुरावा हवा असे म्हणणे म्हणजे तो अपघातानेच मिळेल तोवर थांबणे होय.

सोयाबीनचे म्हणाल, तर त्यातील घटक नैसर्गिक आहेत म्हणून निरुपद्रवी, असा दावा मी केलेला नाही. पण आपण काय खातो हे तिथे निदान खाणाऱ्याला ठाऊक असते.

शास्त्रज्ञांतील मतभेदांचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि प्लॅस्टिक बनवताना वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए हे रसायन त्याचे चांगले उदाहरण आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये त्याची रोजची सह्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने ही मर्यादा काढण्याची पद्धत अमान्य करून स्वतःची मर्यादा सुचवली, ती २०० नॅनोग्रॅमची. या दोन आकड्यांत हजार पटींचे अंतर आहे, हे आपण बरोबर दाखवून दिलेत. पण असहमती नोंदवणाऱ्या संस्थेचा आकडासुद्धा जुन्या मर्यादेपेक्षा वीस पटींनी कमी आहे, हे आपल्या नजरेतून सुटले. वाद मर्यादा किती खाली आणावी याबद्दल आहे. जुनी मर्यादा तशीच ठेवावी असे या दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

राहिला ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न. दुकानात मिळणारी छापील पावती हातात घ्या. तिच्यावर शाई नसते. कागदावर रंगद्रव्य आणि त्याला काळे करणारे रसायन यांचा पातळ थर असतो आणि यंत्रातील तापलेले टोक जिथे टेकते तिथे दोन्ही वितळून अक्षर उमटते. हे दुसरे रसायन वर्षानुवर्षे बिस्फेनॉल-ए होते. प्लॅस्टिकात ते साखळीत बांधलेले असते, पावतीवर मात्र सुटे, त्यामुळे बोटांना सहज लागते. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांखाली आणायला लावले. त्यापूर्वी कोणत्या ग्राहकाने पावती पारखून घेतली असेल? अमेरिकेत २००३-०४ च्या पाहणीत सहा वर्षांवरील अडीच हजारांहून अधिक लोकांच्या लघवीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे ९३ टक्के नमुन्यांत बिस्फेनॉल-ए आढळले. हे रसायन काही तासांतच शरीराबाहेर टाकले जाते. तरीही ते इतक्या जणांत सापडते याचा अर्थ ते पुन्हा पुन्हा आत जात असते. टाळायचे म्हटले तरी टाळणार काय, हे सांगणारी माहितीच ग्राहकाजवळ नाही. आणि गर्भाला तर निवडीचा प्रश्नच येत नाही.

आपला एक आक्षेप मी अर्ध्याहून अधिक मान्य करतो : एका रसायनावर बंदी आली की उद्योग त्याचेच भावंड पुढे करतात. पावत्यांच्या कागदात नेमके तेच झाले. बिस्फेनॉल-ए गेले आणि अनेक ठिकाणी त्याच बांधणीचे, तसेच इस्ट्रोजेनसारखे वागणारे बिस्फेनॉल-एस आले. पण यावरून मी निर्बंध निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढत नाही. ते चुकीच्या पद्धतीने लावले गेले, असा काढतो. सारखी रचना असलेली रसायने एक गट म्हणून हाताळावीत आणि निरुपद्रवीपणा दाखवण्याचा भार विकणाऱ्यावर असावा. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने आधीपासून बाजारात असलेली सुमारे ६२,००० रसायने न तपासताच चालू ठेवली. युरोपने २००७ पासून लागू केलेल्या नियमांत ‘माहिती नाही तर बाजार नाही’ हे तत्त्व घेतले. दोन्हींपैकी मला दुसरे पटते, जरी कागदोपत्री पूर्तता आणि प्रत्यक्ष तपासणी यांत तिथेही बरेच अंतर आहे.

निर्बंधांनी व्यवहार ठप्प होतात, या भीतीवर जहाजांच्या रंगाचे उदाहरण देतो. जहाजांच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिनयुक्त रंग लावत. लिटरभर पाण्यात एखाद्या नॅनोग्रॅमएवढे ते असले तरी काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागत, आणि फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांचा व्यवसायच बुडायला आला. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली, २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ मध्ये अमलात आला. जहाजे चालूच राहिली, आणि अनेक किनाऱ्यांवर त्या गोगलगायी परतल्या.

मात्र सरसकट बंदी मीही मागत नाही. रक्तपेढीतील प्लॅस्टिकच्या पिशवीत डीईएचपी नावाचे थॅलेट असते, ते रक्तात उतरते, आणि त्यामुळे तांबड्या पेशींचे आवरण साठवणीत टिकून राहते. तिथे योग्य पर्याय सर्वत्र उपलब्ध होईपर्यंत ते वापरू द्यावे लागेल. अशी सूट कारण लिहून, मुदत घालून द्यावी. खेळणी, अत्तरे किंवा अन्नाची वेष्टने यांना ती देण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्याला दिसत असेल तर ते जरूर लिहावे.