कॅनोपस भंगार होती का? – एका कमेंटला सविस्तर उत्तर

नमस्कार, पहिल्या महायुद्धातल्या कॅनोपस ह्या ब्रिटिश बॅटलशिपवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की 'एचएमएस कॅनोपस म्हणजे तरंगतं भंगार होतं, ती मागे रेंगाळली म्हणून १९१४ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर कोरोनेलला ब्रिटिश ॲडमिरल क्रॅडॉकची माणसं बुडाली, आणि लेखात तुम्ही तिचं उगाच कौतुक केलंत'. शिवाय पुढे दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांजवळच्या लढाईत तिचा जो गोळा जर्मन जहाजाला लागला तो सरावाचा, म्हणजे न फुटणारा होता, हे मी लिहिलं नाही असंही.

गोळ्याचं एकदम बरोबर आहे. मी नुसतं 'गोळा लागला' लिहिलं, त्याने वाचणाऱ्याला स्फोट झाला असंच वाटणार, लेखात बदल केलाय.

पण भंगार म्हणताय ते मला पटत नाही. ही बोट १८९७ साली पोर्ट्समथला पाण्यात उतरली आणि १८९९ च्या शेवटी तयार झाली. चीनकडच्या समुद्रासाठी बांधलेला वर्ग (एकाच आराखड्याच्या जहाजांचा गट), त्यामुळे चिलखत त्याआधीच्या मॅजेस्टिक वर्गापेक्षा हलकं, पण १२ इंची चार तोफा आणि वेग १८ नॉट, त्या काळात हे कमी नव्हतं. चीनला मात्र ती पोचलीच नाही, १९०५ मध्ये निघाली आणि कोलंबोहूनच परत बोलावली, कारण जपानशी मैत्रीचा करार झाल्यावर तिकडे बॅटलशिप ठेवायची गरज उरली नाही. १९१४ मध्ये ती जुनी झालेली होती हे कोण नाकारतंय? खलाशी बरेचसे राखीव दलातले, तोफांचा सरावही धड झालेला नव्हता. आणि अशा बोटीला लंडनमधले नौदलाचे साहेब क्रॅडॉकच्या क्रूझरांचा किल्ला समजत होते! माझा राग आहे तो त्यांच्यावर.

आता उशीर का झाला ते बघा, कारण सगळं तिथेच आहे. ऑक्टोबरमध्ये ती फॉकलंडला पोचली तेव्हा इंजिनं बिघडलीत, १२ नॉटच्या वर जाणार नाही असा रिपोर्ट क्रॅडॉककडे गेला. १२ नॉट म्हणजे ताशी २२ किलोमीटर, एवढ्या वेगाने जर्मन ॲडमिरल फॉन श्पेला कधी गाठणार, म्हणून क्रॅडॉक तिला कोळशाच्या जहाजांबरोबर मागून यायला सांगून पुढे निघाला. आणि नंतर कळलं काय, तर बोट १६ नॉट सहज जात होती! चीफ इंजिनिअर डेनबो मनाने पार खचला होता, केबिनमधून बाहेर यायचा नाही आणि आत बसूनच बिघाडाचे रिपोर्ट पाठवायचा. हाताखालच्या इंजिनिअरने शेवटी कॅप्टन ग्रँटला खरं सांगितलं, पण ग्रँटने ते क्रॅडॉकला कळवलंच नाही. १ नोव्हेंबरला कोरोनेलसमोर क्रॅडॉकच्या गुड होप आणि मॉनमथ ह्या क्रूझर बुडाल्या, सुमारे १६०० माणसं, एकही वाचला नाही, आणि कॅनोपस तेव्हा शेकडो मैल मागे. ती बरोबर असती तर फरक पडला असता हे तुमचं मला मान्य आहे, श्पेने स्वतःच लिहिलंय की ते सगळे एकत्र असते तर बहुतेक आपलीच हार झाली असती. पण ह्यात बोटीचा काय दोष हो? एक आजारी माणूस, गप्प बसलेला एक कॅप्टन, आणि नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडणारे लोक. डेनबोला शिव्या घालाव्यात असंही मला वाटत नाही, त्याची अवस्था वेळेत कुणाच्या लक्षात आली नाही ह्याचंच वाईट वाटतं.

पुढचं मी लेखात घाईत उरकलं होतं. ती फॉकलंडला परतल्यावर पोर्ट स्टॅनलीच्या बंदरात तिला मुद्दाम चिखलात रुतवलं, टेकडीवर माणसं बसवून तिथून बोटीपर्यंत टेलिफोनची तार ओढली, म्हणजे मधल्या जमिनीमुळे समोरचं दिसत नसतानाही तोफा डागता येतील. ८ डिसेंबरला सकाळी श्पेच्या ग्नायझेनाउ आणि न्युर्नबर्ग जवळ आल्या तेव्हा ब्रिटिश ॲडमिरल स्टर्डीची जहाजं अजून कोळसा भरत होती हो, त्या घडीला उत्तर द्यायला तयार होती ती हीच. मागच्या तोफांमध्ये सरावाचे गोळे आदल्या रात्रीच भरून ठेवलेले, काढायला वेळ नव्हता, तसेच सोडले, आणि त्यातला एक पाण्यावरून टप्पा घेऊन ग्नायझेनाउच्या धुराड्याजवळ लागला. फुटला नाही, कबूल. पण जर्मन जहाजं वळली, आणि स्टर्डीला बाहेर पडायला वेळ मिळाला.

आणि मे १९१५ ची गोष्ट लेखात यायलाच हवी होती. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला तिच्याच वर्गातली अल्बियन वाळूत रुतली, वरून तुर्की तोफा चालू, आणि तिला ओढून बाहेर काढलं ते कॅनोपसने. त्याच वर्गातल्या ओशन आणि गोलायथ तोवर तिथेच बुडाल्या होत्या.

भंगारात ती गेली १९२० मध्ये, सगळं युद्ध काढून. अल्बियनचा भाग आज रात्री लेखात टाकतो, वाचून परत कळवा.